वर धरलेली वायर

इलाहीबक्ष माणूस भित्रा. हे काही त्याच्या माघारी सांगण्यातलं नव्हे, तो स्वतःच चारचौघांत सांगतो. कुत्र्याला भितो, पालीला भितो, खाकी कपड्यातला माणूस दिसला की रस्ता बदलतो, मग तो पोस्टमन का असेना. आणि अशा माणसानं धंदा कुठला धरावा? तर खांबावर चढायचा! सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, आधी टीव्हीची केबल आणि आता इंटरनेटची फायबर ओढण्यात त्याची उमर गेली. वर चढताना कमरेला दोरी, त्या दोरीला दुसरी दोरी आणि तोंडात अल्लाचं नाव. खालनं कुणी चेष्टेनं ओरडलं, "मामू, खांब हलतोय की!" तर हा खांबाला मिठी मारून डोळे मिटून घेणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काय उगीच नाही.

पण भित्र्या माणसाचं एक बरं असतं. तो काम नीट करतो. इलाहीबक्षची वायर कधी लोंबायची नाही, त्याची जोडणी पावसात कधी बंद पडायची नाही. मोठ्या कंपन्यांची माणसं एकदा टाय लावून आली, गल्ल्या बघितल्या, नाक मुरडलं आणि गेली. एवढ्याशा घरांत कोण नेट घेणार, असं त्यांचं म्हणणं. इलाहीबक्षनं मग मोठी लाइन भाड्यानं घेतली, आपल्या जिन्याखाली मशीन बसवलं आणि दारोदार जाऊन सांगितलं, "दोन घरांनी मिळून एक घ्या. भिंतीला भोक मी पाडून देतो." चहाच्या खर्चात महिनाभर नेट! विड्या वळणाऱ्या बायकांनी घेतलं, शिंप्यानं घेतलं. गुरुलिंग कारखानदार टॉवेलची डिझाइनं घरबसल्या परगावी धाडायला लागला. सुंदरम्मा शेंगाचटणी कुटून विकायची, तिला फोनवर ऑर्डरी यायला लागल्या. तिच्या फोनला रिचार्ज कधी नसायचा, सगळा कारभार इलाही अन्नाच्या नेटवर. मूळची तेलुगू बोलणारी बाई. अन्ना म्हणजे थोरला भाऊ, आणि ते ती मनापासून म्हणायची.

आता त्या रविवारचं. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला, पण सोलापुरात तिची हवा आधी महिनाभर असते, कारण काठ्यांचा सराव. यात्रेत नंदीध्वज निघतात. तीन मजल्यांएवढी उंच काठी, कमरेच्या पट्ट्यात रोवून एकट्या माणसानं पेलायची आणि चालायचं. खेळ नव्हे तो! पेलणाऱ्याला वर बघता येत नाही, नजर समोर ठेवावी लागते. काठीचा शेंडा वायरीत अडकला तर संपलंच. म्हणून दर साली यात्रेच्या आधी इलाहीबक्ष काठ्यांच्या रस्त्यानं हिंडायचा आणि आपल्या वायरी वर घ्यायचा, नाहीतर काढून ठेवायचा. त्याला कुणी सांगायची वेळ कधी आली नाही. पिठाची गिरणी चालवणारा शरणबसव आपल्या मंडळाची सरावाची काठी पेलायचा. तो चेष्टेनं म्हणायचा, "मामू, तू हायस म्हणून आमाला मान वर करायला लागत न्हाय."

सुंदरम्माच्या गल्लीतनं मात्र काठी कधीच जायची नाही. त्यामुळं तिथं काय झालं, ते ऐका. गटारीच्या खोदकामात गल्लीतला खांब काढला आणि सुंदरम्माची जोडणी तुटली. चटणीच्या ऑर्डरी पडून, बाई रडकुंडीला आलेली. इलाहीबक्षनं समोरच्या गुरुलिंगच्या कारखान्याच्या गच्चीवरनं वायर ओढली आणि सुंदरम्माच्या गॅलरीच्या हुकाला बांधली. कारखान्याकडं उंच, गॅलरीकडं खाली, अशी गल्लीभर आडवी. "दोन दिसांत वर घेतो," म्हणाला. आणि आयुष्यात कधी काम न टाळणारा माणूस, नेमकं तेच टाळून बसला. गुडघा दुखत होता, आणि इथनं काठी जातच नाही म्हटल्यावर घाई कसली?

रविवारी दुपारी तो त्याच गल्लीत शिंप्याचं राउटर बघत होता. तेवढ्यात काठीपुढचा जयघोष ऐकू आला, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. आवाज हमरस्त्याकडनं यायला पाहिजे, तो वळणाकडनं येत होता. हमरस्ता खोदून ठेवलेला, म्हणून मंडळानं सराव आत वळवला होता. काठी याच गल्लीत येत होती.

तो पळाला. गुडघा कुठला नि काय कुठलं! "थांबा, थांबा!" ओरडला, पण त्या जयघोषात ऐकतंय कोण? आणि पेललेली काठी काय सायकल आहे, ब्रेक मारला की थांबायला? वायर तोडावी, तर त्या फायबरला आधाराची लोखंडी तार होती, चांगली ताणलेली. तोडली तर ती उसळून खालच्या माणसांच्या तोंडावरच बसणार, हे त्याला पक्कं माहीत. तो सुंदरम्माच्या जिन्यानं वर गेला, गॅलरीतला हुक सोडला आणि वायरीचं टोक हातात घेऊन गच्चीवर चढला. तेवढ्यानं भागेना. मग पाण्याच्या टाकीवर चढला. कमरेला दोरी नाही, टाकी वाटोळी, पाय घसरतात. दोन्ही हात डोक्याच्या वर करून त्यानं वायर ताणून धरली. खाली पांढऱ्या कपड्यांतला शरणबसव एकेक पाऊल टाकत येत होता. काठीचा शेंडा डुलत पुढं आला, वायरीच्या खाली वीतभर आला आणि पलीकडं निघून गेला. इलाहीबक्षला खाली उतरायचं सुचेना. तिथंच टाकीवर बसून तो लहान लेकरागत हुंदके द्यायला लागला.

खाली अंगणात सुंदरम्मा फोन धरून उभी होती. तिनं सगळं टिपलं होतं, काठी वळणावर दिसल्यापासनं मामू रडायला लागेपर्यंत. मधे मधे तिचा आवाज, "चूडंडी, मा अन्ना! चूडंडी!" म्हणजे बघा हो, माझा भाऊ बघा. तिनं कौतुकानं त्यातला मधला तुकडा आपल्या स्टेटसला टाकला. आता तुम्हीच सांगा, तिचं चुकलं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा पुतण्या एजाज रिक्षा भर रस्त्यात सोडून घरात आला आणि फोन पुढं केला. "चाचा, ये देखो."

बारकासा व्हिडिओ होता. आवाज काढून टाकलेला. टाकीवर वायर धरून उभा इलाहीबक्ष, समोरनं काठी येतेय, आणि काठी वायरीपाशी पोचायच्या आत व्हिडिओ संपतो. वर कुणीतरी लिहिलेलं: काठी पाडायला वायर आडवी टाकली. ओळखा, कोण आहे हा.

ते कुणी केलं, आजवर कळलेलं नाही. इलाहीबक्षनं ते वाचलं. तो खाली बसला. पालीची भीती, खांबाची भीती, हे सगळं त्याला त्या घटकेला पोरखेळ वाटलं. आजवर तो ज्याला भ्याला ते त्याला दिसत तरी होतं. हे दिसत नव्हतं. कुणाच्या खिशात आहे, कोण आता बघतंय, बघून कोण उठलंय, काहीच कळेना.

"कहाँ तक गया रे?" त्यानं विचारलं.

"क्या मालूम, चाचा. मेरेकू तो सवारीने दिखाया," म्हणत एजाज रस्त्यात सोडलेल्या रिक्षाकडं पळाला.

आणि मग त्याला एकच आठवलं, आयेशा. त्याची एकुलती एक लेक करमाळ्याच्या पुढं एका वस्तीवर दिलेली. जावयाचं रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान. साऱ्या वस्तीत आपलं म्हणावं असं ते एकच घर. माणसं चांगली होती तिथली, पोरीला लेकीसारखी वागवायची. पण हे तिथं पोचलं तर? इथं गल्ली आपल्याला ओळखते, तिथं आयेशाच्या बापाला कोण ओळखतंय?

तो उठला, जिन्याखाली गेला आणि मशीन बंद केलं. हिरवे दिवे विझले. साऱ्या भागाचं नेट गेलं. नेटच नाही तर जाईल कुठनं, असा त्याचा हिशेब. तीस वर्षं वायरीत घालवलेला माणूस, पण भीतीनं अक्कल गहाण पडते, ती अशी. लोकांच्या फोनातलं मोबाइलचं नेट काय त्याच्या जिन्याखालनं जात होतं? बारका व्हिडिओ त्या नेटवरनं खुशाल पळत होता. बंद पडलं ते फक्त घरांतलं.

त्यानं दाराला कडी घातली. त्याची बायको अनवरी तांदूळ निवडत होती. "अजी, इत्ता कायकू डरते? तुमने क्या किया?"

"कुछ नहीं किया, वहीच तो डर है," तो म्हणाला.

घटकाभरानं बाहेर पावलं वाजली. आधी दोन-चार, मग बरीच. बोलणी वाढली. कुणीतरी दारावर थाप मारली. "इलाहीमामू! दार उघडा!" दुसरी थाप जोरात पडली. "हायत आत, चपला हायत की!"

इलाहीबक्ष जिन्याखाली मशीनपाशी अंग चोरून बसला. अनवरीला हातानं नको, नको करत राहिला. पण ती उठली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि कडी काढली. त्यानं डोळे मिटले.

"वहिनी, नेट कुटं गेलंय?" हा गुरुलिंगचा आवाज. "माझं डिझाइन निम्मं जाऊन अडकलंय!"

"आमचा बी क्लास बंद पडलाय हो!"

इलाहीबक्षनं एक डोळा उघडला. दारात सगळी ओळखीची तोंडं. त्यांच्यातनं वाट काढत सुंदरम्मा आत आली आणि त्याला तसा बसलेला बघून तिला रडूच फुटलं. "अन्ना, माजीच चूक हाय. मी कौतुकानं टाकले, कुणी तरी कापून असं केलं. माज्याकडं सगळं हाय की, माजा आवाज बी हाय. सकाळी कळले तसं पाठवायला बसले. लई मोठं हाय, जाईना. जाता जाता तुमचं नेटच गेलं." तिनं फोन पुढं केला. पडद्यावर बारकं चाक गरागरा फिरत होतं.

मागनं शरणबसव आला, भुवयांपर्यंत पिठानं माखलेला. तो चिडला होता. "अय्यय्यो मामू! खोटं समद्या सोलापुरात फिरतंय आणि खरं तुझ्या दारात अडकलंय! मी सोताच्या तोंडानं बोललोय माझ्या व्हिडिओत, काठी पेलणारा मी हाय, मामूनं वायर वर धरली म्हणून माझी काठी पार झाली. ते बी अडकलंय. चालू कर आदी."

"शरण्णा," इलाहीबक्ष पुटपुटला, "मला वाटलं, तुमी लोक मला..."

वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. शरणबसवला ते कळलं. त्याचा चिडका चेहरा पडला आणि तो जमिनीकडं बघायला लागला. मग गुरुलिंग म्हणाला, "चालू करा मामू, लई खोळंबा झालाय."

इलाहीबक्षनं मशीनचा खटका दाबला. दिवे हिरवे व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे दिव्यांकडंच बघत राहिले. मग एकदम सगळ्यांचे फोन टुणटुणायला लागले आणि इलाहीबक्ष दचकून भिंतीला टेकला. एकेका आवाजात काय आलं असेल?

सुंदरम्माचा व्हिडिओ गेला. शरणबसवचा गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीनं, मंडळानं, गिरणीच्या गिऱ्हाइकांनी तो इतक्या जणांना धाडला, की लोक रस्त्यात थांबवून इलाहीबक्षच्या खांद्यावर हात ठेवायला लागले. मंडळानं चहाला बोलावलं. तो गेला, कप हातात घेतला, पण दाराकडं तोंड करून बसला. वायर त्यानं त्याच संध्याकाळी वर घेतली, आणि शेजारच्या चार गल्ल्यांतल्याही, जिथं काठी कधी गेलेली नाही. आयेशाला त्यानं खरा व्हिडिओ पाठवला आणि मनाशी म्हणाला, चला, एवढ्यावर निभावलं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. वस्तीवर रेंज धड नसते, म्हणून ती टेकाडावर येऊन बोलत होती. वाऱ्याचा आवाज येत होता.

"अब्बा, वो वीडियो इधर आया है."

"मैंने सच्चावाला भेजा था बेटा. देखा नहीं?"

"वो खुलताच नहीं. बड़ा है. इधर घूमताच रहता. छोटावाला सबके पास आया." मग ती म्हणाली, "दुकान पे कल से कोई नहीं आया."

"किसी ने कुछ बोला क्या?"

"कोई कुछ बोलताच नहीं, अब्बा. उसीका डर लगता." तिचा आवाज बारीक झाला. "आप सच बोलो मेरेकू. वो वायर आपने डाला था?"

लेक होती ती. तिला वाटलं म्हणून तिनं विचारलं, आणि खोटं बोलायचं तर त्याच्या जिवावर आलं असतं. वायर त्यानंच टाकली होती, हे काय खोटं होतं? गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याचं काही वाटून घेतलं नव्हतं.

"हौ बेटा," तो म्हणाला, "वायर मैंनेच डाला था, लेकिन..."

फोन गप्प झाला. "हॅलो! हॅलो! आयेशा!" तिकडनं वाऱ्याचा आवाजही येईना. त्यानं परत लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. परत लावला. जिन्यावर गेला, गच्चीवर गेला, जशी काय रेंज त्याच्याच घरात नव्हती. जावयाला लावला, तोही लागेना. आपल्या लेकीनं शेवटी काय ऐकलं असेल, हे त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. तो गच्चीत खाली बसला आणि कपाळ बडवायला लागला. "क्या बोल दिया रे मैं! क्या बोल दिया!"

अनवरीनं त्याला उठवलं, पिशवीत दोन कडक भाकरी घातल्या आणि म्हणाली, "जाओ. खुद जाके बोलो."

तो स्टँडकडं निघाला तेव्हा वाटेत शरणबसवची गिरणी लागली. त्याचा चेहरा बघूनच शरणबसवनं पट्टा बंद केला. इलाहीबक्षनं सगळं सांगितलं. शरणबसवनं दळण घेऊन बसलेल्या बायांना हात जोडले. "उद्या या माय. आज न्हाय." कपडे बदलायलासुद्धा तो थांबला नाही.

"तू कशाला येतोस, शरण्णा? धंदा बुडंल."

"काठी माझी व्हती की न्हाय? मग त्या वस्तीत मी सांगतो. तू नुस्ता लेकीला भेट."

करमाळ्याची गाडी भरलेली होती. दोघांना मागं जागा मिळाली. शरणबसव खिडकीपाशी बसला आणि मोहोळच्या आधीच घोरायला लागला; त्याच्या अंगावरचं पीठ शेजारच्या सीटवर सांडत होतं. इलाहीबक्षला झोप कुठली? पुढच्या सीटवरच्या माणसानं फोन काढला की हा तोंडावर रुमाल ओढून घ्यायचा. टेंभुर्णीला एक बाई चढली, ती फोनात बघून हसली, तेव्हासुद्धा यानं तोंड फिरवलं.

जेऊरच्या पुढं त्यानं रुमाल काढला आणि मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली. आधी काय बोलायचं? वायर मीच टाकली, असं सुरुवातीला नको. काठी वाचवली, हे आधी. छे, ते तर बढाई मारल्यासारखं वाटतं. मग परत पहिल्यापासून. कुठला शब्द आधी घ्यावा, म्हणजे मधेच तुटलं तरी ऐकणाऱ्याच्या हातात खोटं उरणार नाही, हेच तो शोधत होता. आता समोरासमोर बोलायचं आहे, मधे तुटायला वायर नाही की रेंज नाही, हे त्याला कळत होतं. तरी तो ओठ हलवत राहिला.

गाडी करमाळ्यात शिरली तेव्हा शरणबसव जागा झाला आणि त्यानं विचारलं, "काय पुटपुटतोयस, मामू? नमाज पडतोस व्हय?"

"न्हाय," इलाहीबक्ष म्हणाला. "माझ्याच पोरीला काय सांगायचं, ते पाठ करतोय."

शरणबसवनं पिशवी उचलली, इलाहीबक्षचा हात धरला आणि त्याला गाडीतनं खाली उतरवलं.